लहान बाळं वाचावीत म्हणून सरकारी पैसा नेमका कशासाठी मागायचा?

पूर्वनागपूर_वहिनी

नमस्कार सगळ्यांना. जरा मोठं लिहितेय, वाचा प्लीज आणि जे वाटतं ते स्पष्ट सांगा.

मी वाठोड्याच्या पुढच्या एका वस्तीत राहते. आमच्याकडे महिला आरोग्य समिती आहे, म्हणजे कागदावर होतीच पण आता आम्ही बायका खरंच बसतो, बोलतो. गेल्या हिवाळ्यात मागच्या गल्लीतलं एक बाळ गेलं. डिलिव्हरी दवाखान्यात नॉर्मल झाली होती, वजन थोडं कमी होतं पण बाळ रडलं, दूध प्यायलं, घरी आलं, पाचवीही पुजली. मग दोनेक आठवड्यांनी ते दूध ओढेना. आजी म्हणाली थंडीचं झोपतंय, झोपू द्या, शांत आहे लेकरू. पाय गार पडलेले पण दुपट्यात गुंडाळलेलं त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. रात्री ऑटो शोधून निघेपर्यंत उशीर झाला. त्या पोरीसमोर गेलं की अजूनही तोंडातून शब्द फुटत नाही.

आता झालंय असं की आमदारांच्या ऑफिसातली माणसं येऊन गेली, म्हणाली लेखी द्या, आरोग्य केंद्राला बाळाला गरम ठेवायची मशीन देऊ नाहीतर अंगणवाडीला हॉल बांधून देऊ. समितीत दोन तट पडलेत. अर्ध्या जणी म्हणतात मिळतंय ते घ्या. आमच्या आशाताई म्हणतात मशीन चालवणार कोण, केंद्र तर संध्याकाळी बंद होतं, माझ्या थर्मामीटरचा सेल गेलाय तो कधीचा मागतेय आणि बाळामागचे पैसे रखडलेत, ते आधी बघा. मला त्यांचं पटतं पण बाकीच्यांना पटवायला माझ्याकडे मुद्दे नाहीत. घरोघर जाण्याच्या कामाला पैसा मागता येतो का? कोण देतं? आणि खरंच त्याने बाळं वाचतात की हे आपलं बोलायला बरं वाटतं म्हणून बोलतात?

धंतोलीकर७७

ताई वाईट वाटलं वाचून. पण मी म्हणेन मशीन घ्या. सरकारकडून वस्तू एकदा मिळाली की ती आपली, मानधन बिनधन आज आहे उद्या नाही. आणि आशा तर घरी जातातच की, तो पगार सरकार देतंच ना त्यांना, वेगळा पैसा कशाला.

निवृत्त_आरोग्यसहायिका

धंतोलीकर, पगार नाही देत, तिथूनच सांगायला सुरुवात करते. मी जिल्हा परिषदेत आधी एएनएम म्हणजे गावपातळीवरची नर्स, नंतर आरोग्य सहायिका म्हणून काम केलं, पारशिवनी, रामटेक, देवलापार हा सगळा पट्टा पायाखालचा आहे, तेव्हा जे लिहितेय ते बघून लिहितेय.

वहिनी तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, बाळं खरंच वाचतात का. वाचतात, आणि त्याचा पुरावा आपल्याच विदर्भात तयार झालाय. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने १९९३ पासून ३९ गावांत मोजमाप केलं आणि १९९५ ते १९९८ घरीच नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत राबवली. गावातल्याच पाचवी ते दहावी शिकलेल्या बाया घेतल्या, त्यांना बाळ तपासायला, श्वास मोजायला, वजन करायला शिकवलं, जंतुसंसर्ग झाला तर जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. सुरुवातीला हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या २८ दिवसांत जात होती, तिसऱ्या वर्षी ते २५ च्या आसपास आलं. शेजारच्या ज्या गावांत हे काम नव्हतं तिथे आकडा जवळपास होता तिथेच राहिला. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं ते. खर्च किती तर एका बाळामागे त्या वेळचे ५ डॉलरच्या आसपास. पुढे अंकुर नावाने राज्यात सात ठिकाणी करून बघितलं, त्यात शहरातल्या वस्त्याही होत्या, म्हणजे हे फक्त जंगलातल्या गावापुरतं आहे असं कोणी म्हणू नये. आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने तेच आशांमार्फत देशभर सुरू केलं.

आता हे कशामुळे चालतं ते समजून घ्या, म्हणजे समितीत सांगता येईल. २०२० चे सरकारी आकडे घ्या, भारतात हजारात २८ बाळं पहिला वाढदिवस बघत नाहीत आणि त्यातली २० पहिल्या २८ दिवसांतच जातात. पहिल्या वर्षात जाणाऱ्या बाळांचा महाराष्ट्राचा आकडा १६, केरळचा ६. म्हणजे लढाई सगळी पहिल्या महिन्यातली आहे. त्या महिन्यात बाळ असतं कुठे? दवाखान्यात दोन तीन दिवस, बाकी सगळे दिवस घरी. कमी वजन, लवकर जन्म, जन्मताना गुदमरणं आणि जंतुसंसर्ग ही मुख्य कारणं, त्यातलं गुदमरणं दवाखान्यात सांभाळायचं असतं पण थंड पडणं, दूध न ओढणं, नाळेला पू, श्वास वाढणं हे सगळं घरात होतं, आजीच्या मांडीवर. मोठ्या माणसाला ताप येतो, तो कण्हतो, सांगतो. नवजात बाळ आजारी पडलं की गप्प होतं. तुमच्या गल्लीत जे झालं ते मी कितीतरी घरांत बघितलंय, शांत आहे म्हणून सगळे निश्चिंत असतात.

आशा काय करते बघा. दवाखान्यात जन्म झाला असेल तर तिने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचं असतं, घरी जन्म झाला तर पहिल्या दिवशीही. गेली की आधी हात धुवायचे, घड्याळ लावायचं, बाळ शांत असताना पोटाचा भाता पूर्ण एक मिनिट बघून श्वास मोजायचे. साठ किंवा जास्त भरले तर परत एकदा मोजायचे आणि तेवढेच आले तर दवाखाना. काखेत थर्मामीटर. तळपायाला आणि पोटाला हात लावून बघायचं, पोट गरम पाय गार म्हणजे बाळ थंड पडायला लागलंय. झोळी लावून वजन. अंगावर पिताना बाळाचं तोंड नीट धरलंय का ते बसून बघायचं, विचारून नाही, बघून, कारण विचारलं की सगळ्या हो म्हणतात. या सहा भेटींचे मिळून तिला २५० रुपये, म्हणजे भेटीला ४२ सुद्धा पडत नाहीत. हा दर २०११ मध्ये ठरलेला. पुढे २०१८ पासून तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच भेटी आल्या, त्यांचे प्रत्येकी ५०.

धंतोलीकर म्हणतात तसा हा पगार असता तर गोष्ट वेगळी होती. ही कामाप्रमाणे मोजून दिलेली रक्कम आहे आणि तीही वेळेवर येत नाही.

एक गोष्ट मला फार टोचते म्हणून लिहिते. गडचिरोलीत त्या बायांवर लक्ष ठेवायला दर पंधरा दिवसांनी सुपरवायझर गावात यायची, सोबत बाळ बघायची, चुकलं तर तिथेच शिकवायची. सरकारने पद्धत घेतली तेव्हा भेटी घेतल्या, पेटी घेतली, हा भाग पातळ झाला. इंजेक्शनही आशाच्या हातात आलं नाही, २०१४ मध्ये एएनएमना काही ठरावीक परिस्थितीत जेंटामायसिन द्यायची परवानगी मिळाली. त्याला कारणं असतील, वाद नाही घालत. पण गटप्रवर्तकांना, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या बायांना, फिरायला पैसे दिले नाहीत, त्यांच्याकडून नुसते रिपोर्ट भरून घेतले तर आशा एकटी पडते आणि एकटी पडलेली बाई हळूहळू नुसता फॉर्म भरायला लागते. तुम्ही पैसा मागाल तेव्हा देखरेखीचाही मागा.

कळमना_आशा

वहिनी मी आशाच आहो, तुमच्या भागातली नाही पण तुमच्या आशाताई बोलून राहिल्या ते शंभर टक्के खरं आहे.

सिस्टरनी २५० चं सांगितलं पण ते कवा भेटते ते नाही सांगितलं. २०११ च्या नियमात लिहून आहे का बाळाचं वजन कार्डावर चढलं पाहिजे, लसी झाल्या पाहिजे, जन्माची नोंद झाली पाहिजे आणि ४२ व्या दिवशी आई आणि बाळ दोघं सुखरूप पाहिजे, तवा पैसे. म्हणजे बघा ना, जे लेकरू अशक्त आहे, ज्याच्या घरी मी रोज चक्कर मारते, रात्री फोन आला तं धावत जाते, दवाखान्यात नेऊन बसवते, ते लेकरू नाही वाचलं तं त्याचे भेटीचे पैसे बी नाही. आमी पैशासाठी नाही करत बाप्पा, पण ज्या घरी सगळ्यात जास्त जाव लागते त्याच घराचे पैसे सगळ्यात आधी बुडते हे कोणाले तरी दिसाले पाहिजे.

अन शहरात काय होते ते सांगतो. माझ्याकडे निम्मे घरं किरायाचे, छत्तीसगडचे, बालाघाटचे लोक, हमालीवाले, बांधकामवाले. आज नाव नोंदवलं, पुढच्या महिन्यात खोली बदलून गेले. मोबाईल नंबर बदलते. मोठ्या बिल्डिंगमधी कोणी दार नाही उघडत, आमचं काम तिथं नाही म्हणते, तिथल्या कामवालीचं बाळ मात्र खालच्या खोलीत असते.

सगळ्यात मोठी गोष्ट माहेराची. पहिल्या बाळंतपणाले पोरगी माहेरी जाते, ते तं आपल्याकडं असतेच. मी नऊ महिने तिच्या मागं फिरते, गोळ्या, सोनोग्राफी, सगळं, आणि सातव्या आठव्यात ती जाते भंडाऱ्याले नाहीतर तुमसरले. तिथल्या आशाले माहीत नसते का कोण आली, कवा आली. तिथंच बाळ होते, सव्वा महिना तिथंच राहते. मंग मोजून बघा, पहिले ४२ दिवस ज्याच्यात बाळं जाते ते दिवस दोघींच्या मधातच राहून जाते. मी आता काय करते, पोरगी जायच्या आधी तिच्या माहेरच्या आशाचा नंबर काढतो आणि फोन करून सांगतो का माझी पोरगी येऊन राहिली, अमक्या तारखेच्या आसपास आहे. त्याचे काही पैसे बी नाही आणि तसा नियम बी नाही. पण जवा जवा केलं तवा तवा कामी आलं.

२०२३ च्या शेवटी राज्यभर संप केला आमी, मंग मार्च २०२४ मधी महिन्याच्या मानधनात ५००० ची वाढ भेटली. ते बरं झालं, खरं सांगतो. पण वाढ कागदावर आली आणि पैसे दोन तीन महिने अडकले तं पोरीच्या शाळेची फी कशी भरू? ऑटोचे पैसे घरून देऊन मी पेशंट नेते. मशीन नको अशी गोष्ट नाही, पण त्याच्या आधी पाच सेल, एक थर्मामीटर, एक चांगला वजनकाटा आणि ज्या महिन्याचं काम त्या महिन्याचा पैसा, एवढं मागा आमच्यासाठी.

धंतोलीकर७७

माहेराचा मुद्दा कधी डोक्यातच आला नव्हता. आमच्या घरी पण बहीण वरुडला आली होती, कोणी आशा आली नव्हती हे आता आठवतंय, आणि आम्हीही कधी चौकशी केली नाही कारण आम्हाला माहीतच नव्हतं की यायला पाहिजे.

बाळांचा_डॉक्टर

नवजात कक्षात काम करतो, कोणत्या ते लिहीत नाही. सिस्टर आणि कळमन्याच्या ताईंचं सगळं मान्य करून एक बाजू मांडतो नाहीतर लोक समजतील की मशीन म्हणजे वाईट.

आशाने श्वास मोजले, सत्तर भरले, बाळाला दवाखान्यात पाठवलं. पुढे? तिथे खाट पाहिजे, ऑक्सिजन पाहिजे, रात्री जागी असलेली शिकलेली नर्स पाहिजे. नागपुरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यांत फक्त नागपूर येत नाही, भंडारा गोंदिया गडचिरोली चंद्रपूर तर येतंच, शिवाय शिवनी, छिंदवाडा, बालाघाट, छत्तीसगडही येतं. एका वॉर्मरवर, म्हणजे बाळाला गरम ठेवायच्या मशीनवर, दोन बाळं ठेवायची वेळ येते, संसर्ग एकाचा दुसऱ्याला लागतो. म्हणून पेपरात अमुक दवाखान्यात इतकी बाळं दगावली अशी बातमी आली की तिच्यावरून नागपूरची परिस्थिती ठरवू नका, त्यातली कित्येक बाळं दीडशे किलोमीटरवरून थंड पडत आलेली असतात. आणि हो, थंड पडत येतात हाच मुद्दा आहे. वाटेत आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून वरून शाल घेतली असती तरी फरक पडला असता.

कांगारू केअर म्हणतात त्याला. गरीब दवाखान्यातला जुगाड समजून लोक नाक मुरडतात पण २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा मोठा अभ्यास आला, दिल्लीचं सफदरजंग त्यात होतं, पावणेदोन किलोच्या आसपासची आणि त्याहून लहान बाळं जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवली तर आधी मशीनमध्ये स्थिर करून मग देण्यापेक्षा मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. आता याला काय लागतं? बाळाच्या शेजारी आईसाठी खाट. पाठ टेकायची खुर्ची. आईचं जेवण. सोबतच्या बाईला बसायला जागा, संडास स्वच्छ. बहुतेक ठिकाणी बाळ आत आणि आई बाहेर व्हरांड्यात सतरंजीवर, टाके ताजे असताना. वहिनी, आमदार साहेब वस्तूच द्यायच्या म्हणत असतील तर ही वस्तू मागा, वस्तीच्या केंद्रात वॉर्मर ठेवून काही होणार नाही, जिथे रात्री कोणी नाही तिथे तो धूळ खातो.

आणि वस्तू दिली की ती चालवायचा, दुरुस्तीचा, वायरिंग तपासायचा पैसा दरवर्षी लागतो हे बोला. भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ च्या रात्री नवजात कक्षाला आग लागली, १० बाळं गेली. आपल्यापासून तासाभराचा रस्ता. त्या रात्रीनंतर कोणीही मला नुसती मशीन देतो म्हणाला की मी पहिलं विचारतो, देखभाल कोण करणार आणि रात्रपाळीला माणूस कोण.

हिशोबनीस

मी सरकारी लेखा विभागात होतो, पैशाच्या वाटा सांगतो, कारण इथे बरेच जण चुकीच्या दारावर जातात आणि मग सरकार काही करत नाही म्हणून घरी बसतात.

आमदार निधी, खासदार निधी हे दोन्ही टिकाऊ कामासाठी. बांधकाम, उपकरण चालतं. मानधन, प्रवासखर्च, दर महिन्याचा खर्च यातून होत नाही. म्हणून त्या माणसांनी मशीन नाहीतर हॉल म्हटलं, त्यांची नियत वाईट असेल असं नाही, त्यांच्या हातात तेवढंच आहे. त्यांच्याकडे डॉक्टर साहेबांनी सांगितलेल्या खाटा खुर्च्या मागा, आशांसाठी झोळीचे वजनकाटे एकगठ्ठा बसतात का तेही जिल्हा नियोजन कार्यालयात विचारून घ्या.

घरोघरच्या भेटींचा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो. शहरासाठी त्याचाच शहरी भाग, २०१३ पासूनचा. ६० टक्के केंद्र, ४० टक्के राज्य. दरवर्षी नाही, आता दोन दोन वर्षांचा आराखडा बनतो, पीआयपी म्हणतात, आणि तो खालून वर जातो, म्हणजे जायला पाहिजे. ज्या गोष्टीची मागणी आराखड्यात नाही तिला पैसा येत नाही, मग तुम्ही मोर्चा काढा की उपोषण करा. माहेरी गेलेल्या बायकांची नोंद एका आशाकडून दुसरीकडे देण्याचं काम, फोनचा खर्च, गटप्रवर्तकांचा फिरण्याचा खर्च, हे सगळं शहराच्या आराखड्यात नव्याने टाकायला लावता येतं. मनपाच्या आरोग्य विभागात शहर कार्यक्रम व्यवस्थापक बसतात त्यांच्याकडे लेखी द्यायचं.

पैसे का रखडतात? बहुतेक वेळा तिजोरी रिकामी नसते. आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा कशावर खर्च झाला त्याचा दाखला, वेळेत जात नाही, खालच्या कुठल्यातरी केंद्राने खर्चाची नोंद केलेली नसते, त्या एकासाठी अख्खी साखळी थांबते. मग फेब्रुवारी मार्चमध्ये घाईने खरेदी होते, आणि घाईत काय खरेदी होतं तर वस्तू, कारण वस्तूचं बिल एका दिवसात बनतं आणि हजार बायांच्या भेटींचा हिशोब एका दिवसात बनत नाही. माझ्या नोकरीत हे मी वर्षानुवर्षं बघितलं आणि दर वेळी जीव तळमळला. दुसरं म्हणजे फीत कापता येते हॉलची. आशा चौदाव्या दिवशी गेली म्हणून बाळ वाचलं याची फीत नाही, फोटो नाही, त्यामुळे त्या कामासाठी भांडणारं कोणी नसतं. तुमची समिती भांडली तर ते एक नवीनच होईल.

तुमच्या स्वतःच्या समितीला वर्षाला ५००० रुपये खुला निधी असतो, माहीत आहे का? पन्नास ते शंभर घरांमागे एक समिती, जॉइंट खातं, अध्यक्ष बाई आणि आशा. खेड्यात ग्राम आरोग्य समितीला हेच १०,०००. रात्री बाळ न्यायला गाडी, थर्मामीटर, सेल, गरीब बाळंतिणीला घोंगडी, हे सगळं त्यात बसतं. पासबुक बघा आधी. आलेला नसेल तर माहितीच्या अधिकारात विचारा की मागच्या तीन वर्षांत आमच्या समितीच्या नावाने किती आले, कधी आले, कशावर खर्च झाले.

मनपाचं स्वतःचं बजेट वेगळं. झोन ऑफिसमधून मागण्या डिसेंबर जानेवारीत जायला लागतात, मार्चमध्ये जाऊन उपयोग नाही. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी देशभर स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर ७०,०५१ कोटी ठेवले होते, त्यातून शहरात नवे दवाखाने झाले, चांगली गोष्ट आहे, पण दवाखाना बांधून झाला की बाळाच्या घरापर्यंत जाणाऱ्या माणसाचा खर्च कोणाच्या खात्यावर हा प्रश्न उरतोच.

इथे उमरेड, सावनेर, पारशिवनी, रामटेक कडचे कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी. खाणीवाल्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान असतं, कोळसा आणि मँगनीजच्या रॉयल्टीसोबत पैसा जमा होतो. २०१५ च्या नियमात त्यातला किमान ६० टक्के पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला बालकल्याण अशा कामांवर ठेवायचा होता, नंतर तो वाटा वाढवलाही. ग्रामसभेचा ठराव करून बाधित गावांतल्या बाळांच्या भेटींसाठी, रात्रीच्या गाडीसाठी मागा. रस्ते आणि सभामंडपच मागितले तर तेच मिळतील.

पूर्वनागपूर_वहिनी

सगळ्यांचे खूप आभार, खरंच. हे सगळं मी समितीत मोबाईलवर वाचून दाखवलं. माहेराचं वाचलं तेव्हा दोन बायका एकदम बोलायला लागल्या, एकीची सून आत्ता काटोलला आहे, तिथेच फोन लावला, तर आशा अजून आलीच नव्हती आणि बाळ बारा दिवसांचं. लगेच आमच्या आशाताईंनी तिकडच्या ताईंचा नंबर मिळवून कळवलं. दुसऱ्या दिवशी ती जाऊन आली, बाळ ठीक आहे, वजन वाढतंय.

पासबुक काढलं तर त्यावर शेवटची एन्ट्री जुनी आहे, किती जुनी ते लिहीत नाही, आधी बँकेत विचारून येतो. आमदारांच्या ऑफिसला आम्ही खाटा आणि पाठ टेकायच्या खुर्च्या लेखी मागणार, हे एकमताने ठरलं. हॉल पाहिजे म्हणणाऱ्या काकूच आता म्हणतात त्या पोरीला व्हरांड्यात बसलेलं मी बघितलंय, खाटाच मागा. दुसरा अर्ज मनपाला, त्यात आशांचे थकलेले पैसे, गटप्रवर्तकांचा फिरण्याचा खर्च आणि माहेराची नोंद असे मुद्दे. ज्या बाळाला वाचवता आलं नाही त्याच्याही भेटींचे पैसे आशाला मिळावेत हा मुद्दा मी स्वतः लिहिणार आहे.

एकच विचारायचं होतं, त्या बाळाच्या आईला अर्जावर सही कर म्हणावं का? तिला त्रास होईल अशी भीती वाटते.

निवृत्त_आरोग्यसहायिका

तिला आग्रह नका करू, पण तिच्या माघारी अर्जही नका करू. तिला घरी जाऊन सांगा आम्ही हे मागतोय, कशासाठी मागतोय. तिचं किंवा बाळाचं नाव अर्जात घालू नका. सही करायची तर ती करेल. आणि पुढच्या वेळी तिला दिवस राहिले तर तिसऱ्या महिन्यातच नोंद करा, आधीचं कमी वजनाचं बाळ होतं हे कार्डावर ठळक लिहून घ्या, म्हणजे डिलिव्हरी कुठे करायची ते आधी ठरवता येतं.

कळमना_आशा

बरोबर आहे सिस्टर. अन वहिनी, ती एकटी बसत असन तं तिच्याजवळ जाऊन बसा, बाळाचं नाव घेऊन बोला. आपल्याकडं लहान बाळ गेलं का लोक म्हणते दुसरं होईल, तिच्यासाठी तं तेच होतं. मी जातो माझ्याकडच्या अशा दोघी आहे त्यांच्याकडं, त्याचा फॉर्म नाही काही, पण जाव लागते.

हिशोबनीस

अर्ज दोन प्रतीत करा. एक द्यायची, दुसरीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घेऊन आपल्याकडे ठेवायची. आवक नंबर नसलेला अर्ज सरकारी ऑफिसात दिलाच नाही असं समजतात. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच आवक नंबरवर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं. मसुदा हवा असेल तर इथेच सांगा, आज रात्री लिहून टाकतो.